जलसंजीवनीची पुडी, झिंकच्या गोळ्या आणि झांबियाहून आलेले एक पाकीट

मुलांना जुलाब लागले की द्यायची जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएसची पुडी, मी आरोग्यसेविका म्हणून जव्हार तालुक्यातल्या पाड्यांवर सव्वीस वर्षे वाटली. इतकी वर्षे वाटताना माझे लक्ष साठा किती उरला, मुदत कधी संपते आणि नोंदवहीत काय लिहायचे याकडेच अधिक असे. गेल्या पावसाळ्यात माझ्या दोन वर्षांच्या नातीला जुलाब झाले आणि तीच पुडी फार वर्षांनी माझ्या स्वतःच्या ओट्यावर आली, तेव्हा मी तिच्याकडे वापरणाऱ्याच्या नजरेने पाहिले. योगायोगाने त्याच सुमारास झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला, हिशेबनिसाची नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीवर आला होता. मी फार दिवसांपासून मागितलेले ‘किट यामोयो’ नावाचे जुलाबावरच्या औषधांचे पाकीट त्याने तिथल्या दुकानातून आणले होते. सरकारी पुडी, आपल्या औषधांच्या दुकानात मिळणारी लहान पुडी आणि हे झांबियाचे पाकीट, अशा तिन्ही वस्तू मी शेजारी शेजारी ठेवून, पाण्यात कालवून, चाखून पाहिल्या. घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल असे वाटल्याने तो अनुभव इथे सविस्तर लिहीत आहे.

पुडीतल्या भुकटीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तिन्ही पुड्यांतले सूत्र मुळात एकच आहे. एक लिटर पाण्यासाठी साधे मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, असे एकूण २०.५ ग्रॅमचे हे मिश्रण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून सांगितलेले आहे. त्यातले ग्लुकोज गोडीसाठी किंवा ताकदीसाठी आहे असा समज अजूनही घरोघर आढळतो. खरे तर आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज शिरताना आपल्याबरोबर मिठातले सोडियम ओढून नेते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत जाते. जुलाबात आतडे इतर बाबतींत कितीही बिघडले तरी हा एक दरवाजा बहुधा उघडा राहतो, आणि म्हणूनच नुसते पाणी पाजून जे साधत नाही ते या पाण्याने साधते. २००२ पूर्वीच्या सूत्रात मीठ आणि ग्लुकोज दोन्ही जास्त होते. ते कमी केल्यावर शी आणि उलट्यांचे प्रमाण घटले, शिवाय सलाईन लावावे लागण्याची वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. ज्यांच्या मनात जुन्या, खारट पुडीची आठवण आहे त्यांनी नवी पुडी एकदा चाखून पाहावी. तिची चव अश्रूंइतपत खारट लागते, आणि मूल ती सहसा नाकारत नाही.

ही वस्तू किती साध्या हातांनी वापरता येते याचा पुरावा १९७१ मध्येच मिळाला होता. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजच्या पुड्या कलकत्त्यात बांधून घेतल्या, पिंपांत पाणी कालवले आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच पाजून घेतले. त्या छावणीत आधी शंभरातले तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. पुढे बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत जाऊन चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कालवायला आयांना शिकवले. शिकवणाऱ्या बायांचे मानधन त्या आईच्या लक्षात नंतर किती राहिले यावर ठरत असे. मला ती पद्धत फार आवडते, कारण आमच्या खात्यात मात्र किती पुड्या वाटल्या एवढेच मोजले जाई.

एवढे असूनही जुलाबाने जगभरात पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४४ हजार मुले दर वर्षी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध ठाऊक आहे, स्वस्त आहे, आपल्याकडे तर फुकट आहे, मग अडते कुठे, हा प्रश्न मला नोकरीत रोज पडे. तिन्ही वस्तू समोर ठेवल्यावर त्याचे निदान अर्धे उत्तर तरी मला मिळाले आणि ते पुडीच्या आकारात आहे.

सरकारी पुडीवर ‘एक लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण पुडी विरघळवा’ असे लिहिलेले असते. ज्या घरात एक लिटरचे माप आहे त्या घराला ही सूचना सोपी वाटते. मी ज्या पाड्यांवर जात असे तिथे पाणी हंड्यात भरलेले असे आणि प्यायला तांब्या असे. पाच-सहा घरांतले तांबे मी एकदा दवाखान्यातल्या मापाने मोजले होते. कोणात पाऊण लिटर मावे, कोणात सव्वा, आणि एका घरातल्या मोठ्या तांब्यात जवळपास दीड लिटर. पुडी तीच, पण पाणी कमी पडले तर ते द्रावण इतके दाट होते की मुलाच्या रक्तातले मीठ वाढून उलट अपाय होऊ शकतो, आणि पाणी जास्त झाले तर पोटात पाणी जाते पण हवा तो उपयोग होत नाही. यावर उपाय म्हणून मी नखांना लावायच्या रंगाने तांब्यावर लिटरची रेघ ओढून देत असे. पुढच्या भेटीत पाहावे तर बाईने तांब्या राखेने लखलखीत घासलेला असे आणि रेघ नाहीशी झालेली असे. तिला बोलायला मला तोंड नव्हते, कारण भांडे स्वच्छ घासायला मीच शिकवले होते.

दुसरी अडचण उरलेल्या पाण्याची आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पन्नास ते शंभर मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला पाणी द्यायचे असते आणि कालवलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यायचे असते. लिटरभर पाण्यातले बरेचसे दुसऱ्या दिवशी ओतून द्यावे लागते. ज्या घरात पाणी अर्धा कोस चालून आणलेले आहे, त्या घरातल्या बाईला ते ओतायला सांगणे सोपे नसते. मग कुणी पुडी अर्धीच वापरते आणि उरलेल्या अर्धीला दमट हवेत गोळे धरतात, कुणी अर्ध्या पुडीला अंदाजाने पाणी घालते, तर कुणी कालचेच पाणी आज पाजते. यातली एकही बाई निष्काळजी नसते. तिच्या घराचा आणि मुलाच्या तहानेचा आकार पुडी बनवणाऱ्याने पाहिलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

किट यामोयो हातात घेतल्यावर हा आकार कुणीतरी पाहिला आहे हे लगेच जाणवते. ‘जीवनाचे किट’ अशा अर्थाचे हे नाव आहे. त्यामागचे सायमन बेरी १९८० च्या दशकात झांबियाच्या दुर्गम भागात काम करत होते. कोकाकोलाची बाटली जिथे सहज मिळते तिथे जुलाबाचे औषध मिळत नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिले आणि पुढे कोलालाइफ या संस्थेमार्फत त्यांनी कोकाकोलाच्या क्रेटमध्ये, बाटल्यांच्या माना जिथे मोकळी जागा सोडतात तिथे बसेल असा डबा घडवला. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्या डब्याला पारितोषिकही दिले. प्रत्यक्षात मात्र दुकानदारांनी क्रेटमधून फारच थोडे डबे नेले. खोक्यात भरून, सायकलवर लादून, जमेल तसे त्यांनी ते नेले, कारण विकल्यावर चार पैसे सुटत होते आणि गिऱ्हाईक ते मागत होते. ज्या युक्तीमुळे वस्तू जगभर गाजली ती युक्ती फारशी लागलीच नाही, हे त्या मंडळींनी स्वतः उघडपणे सांगितले आणि पुढे क्रेटचा आग्रह सोडून साधे, स्वस्त पाकीट काढले. हा प्रामाणिकपणा मला त्या पारितोषिकापेक्षा मोठा वाटतो.

माझ्याकडे आले ते हे साधे पाकीट. आत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाण्यासाठीच्या लहान पुड्या, झिंकच्या दहा गोळ्यांची पट्टी, साबणाची वडी आणि चित्रांचे पत्रक आहे. आतल्या वस्तू काढल्यावर पाकीटच पाणी मोजायचे माप होते; खुणेपर्यंत पाणी भरायचे, एक पुडी टाकायची, हलवायचे आणि त्यातूनच पाजायचे. मी ते पाणी मापाच्या पेल्यात ओतून पाहिले आणि ते बरोबर भरले. पाकिटाची मुदत संपत आली होती, म्हणून नातीला त्यातले काही दिले नाही, पण मी स्वतः प्यायले. झांबियात कटेटे आणि कलोमो या जिल्ह्यांत २०१२-१३ मध्ये आधीच्या डब्यातल्या किटची चाचणी झाली, तेव्हा ते वापरणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांनी पाणी योग्य प्रमाणात कालवले होते आणि लिटरची पुडी वापरणाऱ्यांत तेच प्रमाण ६० टक्के होते. तांब्यावरच्या माझ्या रेघा आठवून मला या आकड्याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. त्याच जिल्ह्यांत ओआरएस आणि झिंक दोन्ही मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण एका वर्षात शेकड्याला एकाहून कमी होते ते ४५ झाले.

या पाकिटात उणिवाही आहेत. पाकीट मऊ असल्यामुळे लहान मूल मांडीवर असताना एका हाताने धरायला अवघड जाते आणि दोन-तीनदा भरल्यावर ते नीट उभे राहत नाही. साबण चांगला आहे, पण आपल्याकडे तो पाकिटात घालून किंमत वाढवण्याची गरज मला वाटत नाही. जुलाब जास्त झाले तर या लहान पुड्या पुरत नाहीत आणि मग आणखी आणाव्या लागतात. शिवाय झांबियात दुकानातून हे विकत घ्यावे लागते, आपल्याकडे आशाताई पुडी दारात आणून देते. ती सोय किती मोलाची आहे हे तिकडचे पाकीट हातात घेतल्यावर मला अधिक जाणवले.

झिंकबद्दल थोडे वेगळे लिहायला हवे, कारण आपल्याकडे त्याचीच सर्वांत जास्त हेळसांड होते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जुलाबात ओआरएसच्या जोडीने झिंक द्यायला सांगितले. त्याने जुलाबाचे दिवस कमी होतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा धोकाही घटतो. आपल्या कार्यक्रमात सहा महिन्यांपुढच्या मुलाला २० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, असे चौदा दिवस द्यायचे असते. चमच्यात पाणी किंवा आईचे दूध घेऊन गोळी टाकली की ती विरघळते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि चौथ्या दिवसापासून गोळी बंद होते, हे मी शेकडो घरांत पाहिले आणि माझ्या लेकीनेही नेमके तेच केले. “आई, आता बरी आहे ना ती, मग कशाला?” असे तिने विचारले तेव्हा नर्सबाईच्या घरातही हा प्रश्न उभा राहतो हे मला कळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळाल्याचे दिसते, झिंक मात्र ३०.५ टक्क्यांनाच. दोन्ही वेगवेगळी मिळतात, म्हणून एक घेतले जाते आणि दुसरे मागे राहते. हीच गोष्ट ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ओआरएस आणि झिंक एकाच वेष्टनात, अशी नवी नोंद अत्यावश्यक औषधांच्या यादीत केली.

गोळीने काही मुलांना लगेच उलटी होते, हेही सांगायला हवे. भारत आणि टांझानियातल्या ४,५०० मुलांवर झालेली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते की ५ किंवा १० मिलिग्रॅम झिंकनेही २० मिलिग्रॅमइतकाच गुण येतो आणि उलट्या कमी होतात. माझ्या नातीने पहिल्या दिवशी गोळी ओकून टाकली होती. कमी मात्रेची गोळी आपल्या पुडीबरोबर आली तर चौदा दिवस पुरे होण्याची शक्यता नक्कीच वाढेल. तोवर मात्र मात्रा मनाने कमी करू नये, डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारावे.

आता दुकानाविषयी. नातीला आम्ही आधी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेले होते. जुलाबांत रक्त नव्हते, ताप किरकोळ होता, मूल पाणी मागत होते. तरीही तिथून प्रतिजैविकाची बाटली आणि आणखी एक सिरप लिहून मिळाले, आणि ओआरएसचे नाव कागदावर नव्हते. शेजारच्या औषधांच्या दुकानात मी ओआरएस मागितले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने संत्र्याच्या चवीचे तयार पेय पुढे केले, ज्याच्या खोक्यावर ती तीन अक्षरे ठळक छापलेली होती. घटक वाचले तर त्यात साखर सूत्राच्या कित्येक पट होती आणि मीठ फारच थोडे. इतकी साखर आतड्यात गेली की ती पाणी शरीरात ओढण्याऐवजी आतड्यातच ओढते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अशा पेयांविरुद्ध कित्येक वर्षे लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली. हा निर्णय ऐकून मला किती बरे वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही. तरी दुकानात जाल तेव्हा पुडीच मागा आणि मागच्या बाजूला सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा. २०० मिलिलिटरची लहान पुडी बहुतेक दुकानांत असते, फक्त ती मागितल्याशिवाय पुढे येत नाही. झिंक मला वेगळे मागावे लागले आणि ते तिसऱ्या दुकानात मिळाले.

डॉक्टर ओआरएस का लिहीत नाहीत याविषयी २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे दोन वर्षांच्या मुलाला जुलाब झाल्याचे सांगणारी प्रशिक्षित माणसे पाठवण्यात आली. ओआरएस न लिहिण्यामागे पुडी शिल्लक नसणे आणि महाग औषधातला नफा ही कारणे अगदी थोडी, म्हणजे अनुक्रमे ६ आणि ५ टक्के निघाली. पालकांनाच ओआरएस नको असते हा डॉक्टरांचा समज मात्र ४२ टक्के वेळा कारणीभूत होता, आणि पालकाने आपणहून ओआरएस हवे असे म्हटले की ते लिहून मिळण्याचे प्रमाण २७ टक्केबिंदूंनी वाढले. ज्या दवाखान्यात मी गप्प बसले, तिथे एक वाक्य बोलले असते तर कदाचित कागदावर ते नाव आले असते. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतरही मी बोलले नाही, याची रुखरुख अजून आहे.

वापराबद्दल दोन गोष्टी अनुभवावरून सांगते. पाणी घटाघटा पाजू नये. चमच्याने किंवा वाटीने घोट घोट द्यावे, आणि उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून आणखी सावकाश द्यावे. अंगावरचे दूध आणि मऊ भात, वरण, केळे हे चालूच ठेवावे. मूल पाणीच पिईनासे झाले, मलूल पडले, डोळे खोल गेले, पोटाची चामडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली गेली किंवा शीतून रक्त पडले, तर पुडीच्या भरवशावर घरी थांबू नये. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सपाट सहा लहान चमचे आणि मिठाचा अर्धा लहान चमचा एवढेच घालावे, त्याहून मीठ जास्त कधीही नको.

सरकारी पुडी मी आजही कुणालाही निःशंकपणे घ्यायला सांगेन, आणि ज्या घरात लिटरची पाण्याची बाटली आहे त्या घराला वेगळे काही विकत घ्यायची गरज नाही. पुडी कालवायच्या आधी त्या बाटलीने पाणी मोजून घेतले की झाले. ज्या घरात तसे माप नाही त्या घरासाठी मात्र लहान पुड्या आणि चौदा गोळ्यांची पट्टी एकाच पाकिटात, पाकिटावर पाण्याची छापील खूण आणि मराठी मजकुराबरोबर चित्रे, एवढा बदल मला हवा आहे. यात नवे औषध शोधायचे नाही आणि भुकटीचे सूत्रही बदलायचे नाही. दर पावसाळ्यात अतिसार रोखण्याची जी मोहीम होते तिच्यात पुड्या आणि गोळ्या आधीच वाटल्या जातात, त्या फक्त एका वेष्टनात यायच्या आहेत.

झांबियाचे पाकीट मी जव्हारला माझ्या जागी आलेल्या सिस्टरकडे पाठवून दिले. आशाताईंच्या मासिक बैठकीत तिने ते हातोहात फिरवले, एकीने त्यात खुणेपर्यंत पाणी भरून दाखवले, आणि दुसरीने लगेच विचारले की हे आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी येईल का.